‘ब्रेमेनचे गवई’ की ‘उडतं जहाज’? मुलांना पहिलं सोव्हिएत गाण्याचं कार्टून कोणतं दाखवाल

रादुगा आणि प्रगती प्रकाशनाची रंगीत पुस्तकं वाचत जी मराठी पिढी वाढली, तिची मुलं आणि नातवंडं आता कार्टून बघायच्या वयात आहेत. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात किंवा गावोगावच्या प्रदर्शनांत ती पुस्तकं अगदी थोड्या पैशांत मिळायची. त्यातली चित्रं अजून कित्येकांच्या डोळ्यांपुढे आहेत. पुस्तकं मराठीत आली, पण त्याच देशात त्याच काळात तयार झालेली गाण्यांची कार्टून्स रशियनमध्येच राहिली. आज मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म या १९३६ साली सुरू झालेल्या स्टुडिओच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर ती सहज सापडतात. त्यामुळे हल्ली हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो: सुरुवात कुठून करायची?

माझं मत आधीच सांगून टाकते. घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल आणि कुणालाच रशियन येत नसेल, तर १९६९ चं ‘ब्रेमेनचे गवई’. मूल आठ-नऊच्या घरातलं असेल, गोष्ट सांगताना मध्येच थांबवून ‘मग ती काय म्हणाली?’ असं विचारणारं असेल, तर १९७९ चं ‘उडतं जहाज’. मूल याहून लहान असेल तर ही दोन्ही थोडी पुढे ढकला. त्या वयासाठी वेगळी, फार गोड कार्टून्स आहेत, त्यांच्याकडे नंतर येते.

या दोघांचीच जोडी का लावली? कारण दोन्हींत सारखं खूप काही आहे आणि तरी दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. दोन्ही सोयुझमुल्तफिल्मची. दोन्हींची गाणी युरी एंतिन या एकाच कवीची. दोन्हींत एक राजा, त्याची मुलगी आणि राजवाड्यात ज्याला कुणी उभं करणार नाही असा एक मुलगा. लांबीही सारखीच, वीस मिनिटांच्या आसपास. ३५ मिलिमीटर फिल्मचं ३०० मीटरचं एक रीळ साधारण दहा-अकरा मिनिटं चालायचं आणि ही दोन रिळांची कार्टून्स. तेवढ्या वेळात पूर्ण गोष्ट, पाच-सहा गाणी, प्रेम, संकट, सुटका सगळं बसवायचं होतं. म्हणून यांत भरतीचं काही नाही. एखादं गाणं काढून टाकलं तर गोष्टच तुटेल.

निवड करताना हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट थांबते, गायक रंगतो, प्रेक्षक वन्स मोअर देतात आणि ते ऐकायलाच आपण गेलेलो असतो. या कार्टून्समध्ये उलट आहे. संवाद जेमतेम असतात आणि गोष्ट पुढे जाते ती गाण्यातच. कामाची पद्धतच तशी होती: आधी गाणी बांधायची, गायक आणि वाद्यवृंद घेऊन रेकॉर्ड करायची आणि मग त्या रेकॉर्डिंगवर एकेक हालचाल काढायची. गाढवाचं डोकं कुठल्या ठोक्यावर हलायचं, राजकन्येची मान कधी वळायची, हे चालीने ठरवलेलं असायचं. भाषा न समजणारं मूलसुद्धा या कार्टून्समध्ये अडकून पडतं, त्याचं मोठं कारण हे आहे. डोळ्यांना दिसतं ते कानांना ऐकू येणाऱ्या गोष्टीतूनच निघालेलं असतं.

आता ‘ब्रेमेनचे गवई’. गोष्टीचं बी ग्रिम बंधूंचं: गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा. पटकथा लिहिणाऱ्या वासिली लिवानोव आणि युरी एंतिन यांनी त्यात एक तरुण गायक आणला, त्रुबादूर, आणि एक राजकन्या. संगीत गेन्नादी ग्लादकोव यांचं, दिग्दर्शन इनेस्सा कोवालेव्स्काया यांचं. लिवानोव पुढे सोव्हिएत टीव्हीवर शेरलॉक होम्स म्हणून गाजले. लहान मुलांच्या कामात कोणत्या दर्जाची माणसं होती ते यावरून कळावं.

सुरुवातीलाच एक गाडी रस्त्याने चालली आहे, वर हे पाच जण आणि गाणं: मित्रांबरोबर जगभर भटकण्यासारखं सुख दुसरं नाही. फुलांनी भरलेलं कुरण हा आमचा गालिचा, उंच पाईन वृक्ष या भिंती, निळं आकाश हे छप्पर. आणि मग एक ओळ येते, तिचा अर्थ असा की राजवाड्यांच्या मोहक कमानी आम्हाला स्वातंत्र्याच्या जागी चालणार नाहीत. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. त्याच्या पुढच्याच वर्षी मॉस्कोच्या सरकारी स्टुडिओतून मुलांच्या कार्टूनमध्ये ही ओळ बाहेर पडली आणि देशभरची मुलं ती गुणगुणू लागली. मोठ्यांच्या गाण्यात हे लिहिणं अवघड गेलं असतं. गाढव आणि कोंबडा गात असतील तर नजर जरा सैल पडायची आणि लिहिणाऱ्यांना ती जागा नेमकी ठाऊक होती.

संगीतही तसंच. रॉक अँड रोल आणि ट्विस्ट हे ठेके तेव्हा अधिकृत वर्तुळांत आवडते नव्हते. ग्लादकोवनी ते उघडपणे वापरले. चित्रकार मॅक्स झेरेबचेव्स्की यांनी त्रुबादूरला साठच्या दशकातल्या पाश्चात्त्य गायकांसारखे केस आणि पायाशी रुंद होत जाणारी पँट दिली, राजकन्येला आखूड लाल फ्रॉक दिला. आज ते चित्र बघताना मुलांना ‘जुनं’ वाटत नाही, त्यामागे हा धीटपणा आहे. सपाट, झगझगीत रंग आणि साधी रेघ. पन्नासेक वर्षांनंतरही त्यावर धूळ बसलेली दिसत नाही.

गाण्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जवळजवळ सगळे आवाज ओलेग अनोफ्रीयेव या एकाच अभिनेत्याचे आहेत. ठरलेले गायक रेकॉर्डिंगला येऊ शकले नाहीत आणि हातात स्टुडिओची रात्र होती, तेव्हा त्यांनीच एकेक पात्र गायला घेतलं, असं सांगतात. राजकन्येसाठी मात्र एल्मिरा झेर्झदेवा यांचा आवाज आहे. त्यात दरोडेखोरांच्या सरदारणीचं, आतामान्शाचं, गाणं लक्ष देऊन ऐका. पुरुषाचा आवाज, पण घसा खरवडून काढलेला, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक झटका, आणि पडद्यावर ती बाई त्या झटक्यावर कंबर हलवते. तिचे तीन साथीदार म्हणजे सोव्हिएत विनोदी चित्रपटांतलं गाजलेलं त्रिकूट, निकुलिन, वित्सिन आणि मोर्गुनोव, यांचे उघड उघड चेहरे. आपल्या मुलांना हे चेहरे ओळखीचे नसतात, पण त्यामुळे काही अडत नाही. माझी सहा वर्षांची भाची या गाण्यातलं ‘बाकी-बुकी’ एवढंच म्हणत घरभर नाचत होती आणि तिला अर्थ विचारला तर तिने अगदी बरोबर सांगितलं: ‘ते वाईट आहेत आणि त्यांना ते आवडतंय.’

पाच-सहाच्या मुलांसाठी मी हे आधी सुचवते, त्याचं कारण हेच. यात बोलणं जवळपास नाही. राजाचे पहारेकरी गातात तेव्हा शब्द कळले नाहीत तरी चालीतला पोकळ डौल कळतो. त्रुबादूर राजकन्येला बघतो आणि खेळ करता करता तोल जाऊन पडतो, तेव्हा वाद्यं काय करतात ते ऐकलं की पुरे. मेजवानी होते, राजवाड्यात त्रुबादूरला जागा मिळते, चार मित्रांना मात्र कुणी बोलावत नाही. ते चौघे निघून जातात. हा भाग बघताना मुलं गप्प होतात. आणि पुढे त्रुबादूर आणि राजकन्या राजवाडा सोडून मित्रांच्या गाडीत येऊन बसतात, पुन्हा तेच भटकंतीचं गाणं सुरू होतं, तेव्हा ती सुटकेचा श्वास टाकतात. एक शब्द न समजता.

याची उणी बाजूही आहे. राजकन्या दिसते छान, पळून जाते धीटपणे, पण तिच्या मनात काय चाललंय हे आपल्याला फारसं कळत नाही. ती त्रुबादूरच्या गोष्टीत येते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला हे खटकतं, आणि खटकावंही.

तिथे ‘उडतं जहाज’ पुढे जातं. दिग्दर्शक गारी बार्दिन, संगीत माक्सिम दुनायेव्स्की. तीसच्या दशकातल्या सोव्हिएत संगीत-चित्रपटांना चाली देणाऱ्या इसाक दुनायेव्स्की यांचे हे चिरंजीव. मुळात रशियन लोककथा. झारला आपल्या मुलीचं, झाबावाचं, लग्न पोल्कान नावाच्या श्रीमंत सरदाराशी लावायचं आहे. झाबावाला ते नको. आणि ती नुसती रुसून बसत नाही, ती गाते, पाय आपटून गाते: हिशेब बघून लग्न मला नको, प्रेमाने हवं, मला स्वातंत्र्य द्या, मी पाखरासारखी उडून जाईन. ‘ब्रेमेन’मध्ये जे स्वातंत्र्य मित्रांच्या गाडीवर बसून गायलं होतं, तेच दहा वर्षांनी एंतिननी एका मुलीच्या तोंडी दिलं. माझ्या लेखी या सगळ्या कार्टून्समधलं हे सर्वांत नेमकं गाणं आहे. ते सुरू झालं की आळस झटकल्यासारखी मुली ताठ बसतात.

तिचा नायक इवान हा चिमणी साफ करणारा पोरगा. गाण्यांमध्ये त्याला आवाज मिखाईल बोयार्स्कींचा. त्याच सुमारास संगीत त्याच दुनायेव्स्कींचं असलेल्या एका टीव्ही चित्रपटात तलवार चालवून ते घराघरांत पोचले होते. झाबावा अट घालते: उडतं जहाज जो बांधेल त्याच्याशीच लग्न. आणि इवान मदत मागायला निघतो.

तो जिथे जिथे जातो तिथे हे कार्टून कळसाला पोचतं. आधी भेटतो वोद्यानोय, पाण्यात राहणारा एक म्हातारा. हिरवट, गढूळ पाणी, भोवती कुणी नाही आणि आनातोली पापानोव यांचा खरबरीत आवाज. वर्षानुवर्षं चाललेल्या ससा-लांडग्याच्या मालिकेतला लांडगा हाच, त्यामुळे सोव्हिएत मुलांना हा आवाज घरातल्या माणसाइतका ओळखीचा. पण इथे तो ओरडत नाही. मी जळातला, माझ्याशी कुणी मैत्री करत नाही, असं तो गातो. माझं हे जगणं जगणं नाही, मलाही उडावंसं वाटतं. पापानोव ही ओळ पूर्ण गात नाहीत, अर्धी बोलतात, अर्धी ओढतात, शेवटचा सूर जाणून थोडा खाली सोडतात. हसायला येतं आणि त्याच क्षणी वाईट वाटतं. आठ वर्षांच्या मुलाला हे दोन्ही एकदम वाटू शकतं. चार वर्षांच्या मुलाला बहुधा नाही, ते फक्त बेडकांसारखा आवाज काढत बसतं.

मग येतात म्हाताऱ्या चेटकिणी. लोककथेत बाबा यागा ही एकच असते आणि भीतिदायक असते. इथे त्यांची अख्खी टोळी आहे आणि हार्मोनियमसारख्या हातातल्या गार्मोश्का पेटीवर त्या चस्तुश्का गातात. चस्तुश्का म्हणजे खेडेगावांत जमून, एकमेकींवर कडी करत म्हणायच्या चार ओळींच्या फटकेबाज रचना. हे गाणं मॉस्को चेंबर कॉयरमधल्या बायकांनी गायलं आहे. एरवी शास्त्रशुद्ध, संयत समूहगान करणाऱ्या या गायिका इथे गळा मोकळा सोडून, नाकात, हुंकार देत गातात आणि तरी एकीचा सूर दुसरीच्या सुरावरून ढळत नाही. बायकांनी बायकांसाठी घातलेला हा धिंगाणा एकदा बघितला की परत परत लावावासा वाटतो.

चित्रंही इथे वेगळी. ‘ब्रेमेन’ची रेघ साठच्या दशकातल्या फॅशनच्या पानांमधून आल्यासारखी आहे, तर ‘उडतं जहाज’मध्ये लाकडी महाल, नक्षीदार खिडक्या, गुबगुबीत झार, असं जुनं रशिया आहे. बार्दिन पुढे तार, प्लास्टिसिन, काड्यापेटीतल्या काड्या अशा कशाकशातून कार्टून करत राहिले आणि तारेच्या एका लघुपटासाठी १९८८ मध्ये कान महोत्सवाचा पुरस्कारही घेऊन आले.

दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट ही. ‘ब्रेमेन’मध्ये सुख म्हणजे घर नसणं, आकाशाचं छप्पर, सतत चालत राहणं. ‘उडतं जहाज’मध्ये स्वप्नाचं जे गाणं आहे त्यात सुख म्हणजे छोटंसं घर, रशियन चूल, लाकडी जमीन, एक बाक, एक मेणबत्ती, घुरघुरणारं मांजर. कवी एकच, मध्ये दहा वर्षं. तरुण स्टुडिओतला भटकण्याचा उत्साह सत्तरच्या दशकाच्या शेवटी घराच्या उबेकडे वळलेला दिसतो. तुमचं मूल कोणत्या सुखाकडे ओढलं जातं, हे तुम्हालाच चांगलं ठाऊक. चाकं, गाड्या, प्रवास, मित्रांची टोळी आवडणारं असेल तर ‘ब्रेमेन’. पांघरुणाचं घर करून त्यात बाहुल्या, भांडी, मांजर घेऊन बसणारं असेल तर, वय थोडं कमी असलं तरीही, ‘जहाज’ आधी दाखवायला हरकत नाही.

भाषेचा अडसर मात्र ‘जहाज’मध्ये जास्त आहे. वोद्यानोय आणि चेटकिणी यांची गंमत बरीचशी शब्दांत आहे, संवादही ‘ब्रेमेन’पेक्षा जास्त आहेत. त्यासाठी तुम्हाला आधी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मराठीत, आपल्या शब्दांत, झारला झार म्हणा किंवा राजा, पण झाबावाचं म्हणणं नीट पोचेल अशी. माझा अनुभव असा की आधी गोष्ट ऐकलेली मुलं सबटायटल्सकडे बघतही नाहीत.

‘निळं पिल्लू’ हे १९७६ चं कार्टून या दोघांच्या शर्यतीत मी मुद्दामच घेतलं नाही, पण त्याचं नाव न घेता पुढे जाणं बरं नव्हे. ग्लादकोव आणि एंतिन हीच जोडी, दिग्दर्शक येफिम गाम्बुर्ग, मूळ गोष्ट ग्युला उर्बान या हंगेरियन लेखकाची. रंग वेगळा म्हणून कुणी खेळायला न घेणारं एक पिल्लू, एक मधाळ बोलणारा काळा बोका, एक समुद्री लुटारू म्हणजे चाचा, एक भला खलाशी. आवाज बघा: पिल्लू अलिसा फ्रेइन्दलिख, बोका आंद्रेई मिरोनोव, चाचा बोयार्स्की, आणि त्यांच्यासोबत अलेक्सांद्र ग्रादस्की. नाटक, चित्रपट आणि रॉक या तिन्ही जगांतली त्या काळची पहिल्या फळीची माणसं वीस मिनिटांत एकत्र. चित्रं जलरंगांच्या ओल्या डागांमधून उमटल्यासारखी वाहती. गाण्यांच्या दृष्टीने हे कदाचित सगळ्यांत श्रीमंत. पण त्याचा सूर उदास आहे आणि रेषा धरून ठेवत नाही, त्यामुळे लहान मुलांना पहिल्यांदा दाखवलं तर ती हरवतात. शाळेत किंवा सोसायटीत कुणी एकटं पाडलेलं मूल घरी असेल तर मात्र हे त्याच्याशेजारी बसून नक्की बघा. त्या मुलाला यातलं कळायला काहीही समजावून सांगावं लागत नाही.

आता तीन-चार वर्षांची मंडळी. त्यांच्यासाठी दहा मिनिटांचं एक रीळ पुरे. ‘सिंहाचा छावा आणि कासव’ हे १९७४ चं, दिग्दर्शक पुन्हा कोवालेव्स्काया, संगीत पुन्हा ग्लादकोव. गोष्ट एवढीच की कासव उन्हात पडून गात असतं आणि छाव्याला ते गाणं आवडतं. छाव्याचा आवाज अनोफ्रीयेव, कासवाचा रीना झेल्योनाया यांचा, म्हणजे लिवानोवच्या शेरलॉक होम्सच्या घरमालकीण मिसेस हडसन. उन्हात लोळण्याचा तो संथ ठेका तीन वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच वेळी पाठ होतो. दिवसा हे लावा आणि झोपायच्या वेळी ‘उम्का’, १९६९ चं, पांढऱ्या अस्वलाच्या पिल्लाचं. त्यात येवगेनी क्रिलातोव यांनी बांधलेली अंगाई आहे, रात्र चमच्याने बर्फ ढवळत चालली आहे असं म्हणणारी. अंगाई म्हणून ती कोणत्याही भाषेतल्या मुलाला चालते.

‘मॅमथच्या पिल्लाची आई’ (१९८१) मात्र जपून. बर्फातून जागं झालेलं मॅमथचं पिल्लू आई शोधत हिमनगाच्या तुकड्यावर बसून समुद्रात निघतं आणि व्लादिमिर शाइन्स्की यांच्या चालीवर क्लारा रुम्यानोवा गातात. १९७७ मध्ये मगादान भागात गोठलेल्या मातीतून एका मॅमथच्या पिल्लाचं अख्खं शरीर मिळालं होतं, गोष्टीला त्याची पार्श्वभूमी आहे. शेवटी आफ्रिकेत हत्तीण त्याला जवळ घेते. शेवट गोड आहे, पण त्या आधी आई नसण्याची जी काही मिनिटं आहेत ती काही मुलांना झेपत नाहीत. आई नोकरीसाठी परगावी असेल किंवा घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर सध्या नको.

‘चेबुराश्का’चे चार भाग (१९६९ ते १९८३) आणि दिग्दर्शक फ्योदोर खित्रुक यांचा ‘विनी पूह’ (१९६९ ते १९७२) यांची नावं लोक सर्वांत आधी घेतात. दोन्ही मला जिवापाड आवडतात, तरी पहिलं म्हणून मी ती सुचवणार नाही. चेबुराश्का बाहुल्यांचं, शांत, हळू चालणारं काम आहे. पावसात, वाढदिवसाच्या दिवशी, मगर गेना अकॉर्डियन वाजवत बसतो ते दृश्य आणि आगगाडीच्या शेवटच्या डब्यावर बसून गायलेलं निळ्या डब्याचं गाणं यांसाठी आयुष्यभर परत यावं असं. पण गाणी मोजकी आणि बाकी सगळं संभाषण. ‘पूह’ तर जवळपास पूर्ण बोलण्यावर उभं आहे. येवगेनी लेओनोव यांचा जाड आवाज टेपचा वेग वाढवून पूहला दिला, चाली म्येचिस्वाव वाइनबर्ग यांच्या. वॉर्साहून नाझींपासून पळून आलेले, सिंफनी आणि ऑपेरा लिहिणारे हे मोठे संगीतकार. अस्वल चालता चालता गुणगुणतं त्या दोन ओळींनाही त्यांनी तेवढीच काळजी दिली. संगीतकार सोफिया गुबायदुलिना यांनीही त्याच काळात आपल्याकडच्या जंगलात घडणाऱ्या मोगलीच्या सोव्हिएत कार्टूनला संगीत दिलं. मुलांसाठी म्हणून कुणी हात आखडता घेतला नाही, आणि ही कार्टून्स टिकली त्याचं माझ्या मते हेच पहिलं कारण.

ससा आणि लांडग्याची मालिका संगीत-कार्टून म्हणावी अशी नाही, आणि लांडगा सिगारेट ओढतो, हे आई-बाबांनी लक्षात ठेवावं.

डबिंगचा प्रश्न उरतो. १९९२ नंतर अमेरिकेतल्या फिल्म्स बाय जोव या कंपनीने सोयुझमुल्तफिल्मच्या बऱ्याच कामांचे परदेशी हक्क घेतले आणि त्यांच्या इंग्रजी आवृत्त्या निघाल्या. त्या मागे लागून शोधू नका. चाल आधी, शब्द तिच्या मापाचे आणि चित्र त्या दोघांच्या मापाचं, असं जे बांधलेलं आहे त्यातले शब्द बदलले की आतामान्शाचा झटका कंबरेशी जुळत नाही. मूळ रशियन आवाज, हवी तर इंग्रजी सबटायटल्स आणि शेजारी मराठीत बोलणारं कुणीतरी. गाणी आधी नुसती ऐकवली तर आणखी चांगलं. मेलोदिया या सोव्हिएत रेकॉर्ड कंपनीने ‘ब्रेमेन’ची तबकडी काढली तेव्हा असंख्य सोव्हिएत मुलांनी हे कार्टून आधी कानांनीच पाहिलं होतं. प्रवासात गाडीत दोन-तीनदा वाजू द्या, मग पडदा.

आणि ‘ब्रेमेन’ आवडलं तर लगेच दुसरा भाग (१९७३) लावू नका, आठवडाभर जाऊ द्या. तो स्वतः लिवानोव यांनी दिग्दर्शित केला आहे आणि त्रुबादूर, आतामान्शा, गुप्तहेर असे तिघेही त्यात मुस्लिम मागोमायेव यांनी गायले आहेत. बाकूचे, मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात शिकून आलेले, ऑपेराचा भरदार गळा असलेले. अनोफ्रीयेवची खोडकर हलकी ढब ऐकून लगेच हा आवाज आला की मुलांना त्रुबादूर ओळखू येत नाही. मधे अंतर गेलं तर चालतं, आणि मग राजकन्येच्या खिडकीखाली रात्री गायलेलं प्रेमगीत त्यांना मोठ्या माणसांचं गाणं म्हणून ऐकता येतं. २००० सालचा तिसरा भाग, त्रुबादूरच्या मुलाचा, वगळला तरी चालेल. त्यापेक्षा तो वेळ ‘जहाज’ला द्या.